मॅक्रोने गाळलेलं 'सहकुटुंब'

मंडळी, कसे आहात? सुमनताई, गुडघा काय म्हणतो? देशपांडे, खोकला गेला का? बापू, डोळ्याची पट्टी निघाली? मी ठणठणीत, डोकं तेवढं चक्रावलंय.

शेजारच्या कदमवहिनींच्या लेकीचं लग्न आहे. पत्रिकांच्या पाकिटांवर नावं छापायला मी वर्ड प्रोसेसरमध्ये मॅक्रो, म्हणजे तेच तेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहिला. चौकट उघडते, तिच्यात नाव टाइप केलं की पाकीट तयार. आज वहिनींनी पहिलं पाकीट आमच्याच घरी दिलं. हिने ते वाचलं; वर नुसतं माझंच नाव. "तुम्हालाच बोलावलंय. जा एकटेच, मी पिठलं करून खाईन."

वहिनी घाबरल्या. "भाऊ, साताऱ्याच्या थोरल्या दिरांना असं गेलं, तर ते जन्मात आमचा उंबरा ओलांडायचे नाहीत."

मी तर नावापुढे स्वल्पविराम देऊन 'सहकुटुंब' टाइप केलं होतं. पाहतो तर स्वल्पविरामाच्या पुढचं सगळं ती चौकट गिळते. शेवटी त्याच्या जागी चांदणीचं चिन्ह टाइप केलं आणि छापताना मॅक्रोकडूनच त्याचा स्वल्पविराम करून घेतला. जमलं. दिरांचं पाकीट पोस्टात पडलंसुद्धा.

पण चौकटीचं स्वल्पविरामाशी वाकडं का, ते काही कळेना. आमचं नवं पाकीट हिने अजून हातात घेतलेलं नाही. म्हणते, "आधी मी कशी गळले ते सांगा."

तेव्हा कुणाला ठाऊक असेल तर जरा लवकर लिहा.