सहा नंबरचा बंकर

आमच्या गोल्फच्या मैदानावर वाळूचे खड्डे पुष्कळ आहेत. मेंबर लोक त्यांना बंकर म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. त्यातला सहा नंबरच्या होलचा बंकर माझा. कागदावर नव्हे, पण माझाच. मी तो दोनदा खणला, आणि या वर्षी म्हातारपणी तिसऱ्यांदा खणायची पाळी आली.

मैदान व्हायच्या आधी तिथं आमची भाताची खाचरं होती. भावाभावांत वाटण्या झाल्या, सगळ्यांनी विकायला सह्या केल्या, मीही केली. त्याचं रडगाणं मला गायचं नाही. ज्या बांधावर बसून न्याहारी केली, तिथंच मजूर म्हणून कामाला लागलो. पुढं गवत कापायचं मशीन शिकलो, मुकादम झालो. शिक्षण चौथी, पण गवताच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेतलं नाही.

मैदान आखायला एक साहेब आले होते. डोक्याला टक्कल, अंगात गुडघ्यापर्यंतची चड्डी, हातात काठी. बूट काढून उतारावर अनवाणी चालायचे. माझे वडीलही पेरणीआधी असेच चालायचे, ओल पायाला कळते म्हणून. त्यामुळं हा माणूस मला पहिल्या दिवशीच पटला. सहा नंबरला, जिथं झेंडा लागणार होता त्या ग्रीनच्या पुढं, उजव्या अंगाला, साहेबांनी काठीनं एक गोल काढला.

मी विचारलं, "एवढाच? बाकीच्या होलला तीन-तीन, चार-चार हायेत."

"एकच," साहेब म्हणाले. "पण बरोबर जागेवर."

ते आठ दिवस बाहेर गेले आणि आम्ही तिघांनी खणायला घेतलं. आता हाताला जे ठाऊक, तेच हात करणार. मी तळ सपाट केला, चिकणमाती आणली, पाणी मारून पायांनी तुडवली. कडेनं बांध लिंपला. खेकड्यांची भोकं शोधून शोधून बुजवली. मग वर वाळू टाकली. काम बघून माझं मलाच समाधान वाटलं. पुढच्या दोन दिवसांत पावसानं झोडपलं आणि वाळू पाण्याखाली गेली. थेंब बाहेर जाईना. बगळे येऊन उभे राहिले.

साहेब परत आले, काठावर थांबले, खाली बघितलं.

"छान," ते म्हणाले. "आता यात भात लावा."

सगळे हसले. माझे दोन सोबती तर बसून हसले. मी त्या दिवशी डबा उघडला नाही. आमच्या घरात कुणाचा बांध फुटला म्हणून कधी कोण हसलं नव्हतं, आणि इथं फुटला नाही म्हणून हसत होते! दुसऱ्या दिवशी एकट्यानं सगळं उकरून काढलं, खाली दगडगोटे भरले, पाइप टाकला, तळाला उतार दिला. पाणी गेलं, वाळू राहिली.

पण बंकर एकच का, हे कळायला मला चार-पाच वर्षं लागली. मशीनवर बसून बघता बघता कळलं. त्या होलला, म्हणजे पहिल्या फटक्यापासून झेंड्यापर्यंतच्या पट्ट्याला, डाव्या हाताला शेवटपर्यंत ओढा आहे. उजवीकडं ऐसपैस मोकळं रान. पहिला फटका मारताना कुणालाही वाटणार, उजवीकडं मारावं, तिथं धोका नाही. पण उजवीकडं गेलात की बंकर बरोबर तुमच्या आणि झेंड्याच्या मध्ये येतो. मग बॉल त्याच्यावरून उचलून आखूड ग्रीनवर अलगद ठेवावा लागतो, आणि ते शंभरात पाचांना जमतं. उलट ओढ्याला चिकटून मारायची छाती दाखवली, तर बंकर बाजूला पडतो आणि बॉल घरंगळत झेंड्याकडं जातो. म्हणजे खड्डा आहे तिकडं टोकाला, पण घाम फोडतो तो इथं, पहिल्या फटक्याला.

आम्ही तिघं चहाच्या वेळी जांभळीखाली बसायचो. तिथून पहिल्या फटक्याला उभा राहिलेला मेंबर दिसायचा. आधी ओढ्याकडं बघायचा, मग लांबवर बंकरकडं.

"ह्यो भ्याला. उजवीकडं मारतोय बघ."

"न्हाई रं, काल बायकोसंग भांडलाय. आज ओढ्याच्या कडंनंच मारनार."

लय हसायचो. त्या दोघांतला एक आता नाही. दुसरा मुलाकडं तळेगावला असतो, फोनवर ऐकू येत नाही त्याला. जांभूळ तेवढी आहे.

यंदा दिवाळीनंतर नवीन मॅनेजरनं मला बोलावलं. पोरगा हुशार, स्वतः चांगला खेळणारा.

"आबा, सहा नंबरचा बंकर बुजवायचाय. मेंबरांच्या तक्रारी आहेत."

तक्रार कुणाची ते मला ठाऊक होतं. लोणावळ्याच्या एक डॉक्टरबाई आहेत, दवाखाना बंद करून बसलेल्या, वयानं माझ्याच बरोबरीच्या. दर रविवारी त्यांचा बॉल त्यात पडणार म्हणजे पडणार. आतून ओरडायच्या, "आबा, शिडी आणा!"

मी म्हणालो, "साहेब, बाकीचे सगळे बुजवा. ह्यो ऱ्हाऊ द्या."

"का? तुम्ही खणला म्हणून?"

"व्हय, म्हनून बी. पन त्यो गेला तर त्या होलात काय उरत न्हाई."

"आबा, एका खड्ड्यानं काय होतंय?"

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मनात सगळं होतं, पण रागाला आलो की माझे शब्द पळतात. एवढंच म्हणालो, "मी हात लावनार न्हाई." लावलाही नाही. ट्रॅक्टरनं अर्ध्या दिवसात बुजवला. वर गवताचे गालिचे अंथरले. मी लांब उभा राहून बघितलं. आमची खाचरं सपाट झाली त्या दिवशीही मी एवढा वेळ उभा राहिलो नव्हतो.

फटका मारताना गवताची खपली उडते. ती जागा मातीनं भरणं हे माझं रोजचं काम. पूर्वी सहा नंबरला खपल्या सगळीकडं विखुरलेल्या असायच्या, ओढ्यापासून पार उजवीपर्यंत. बंकर गेल्यावर पंधरा दिवसांत सगळ्या एकाच ठिकाणी, उजवीकडं, जसा काही तिथं बैल बांधून ठेवलाय. ओढ्याच्या बाजूला एकही नाही. महिनाभर मी त्या भरत राहिलो. मग एका रविवारी मॅनेजरला म्हणालो, "पाच मिंटं चला."

त्यानं ती जागा बघितली. "गवत गेलंय, आबा. पाणी वाढवा."

"पान्यानं काय व्हतंय? समदी मान्सं एकाच वाटंनं चाललीत. तिकडं बघा." मी ओढ्याच्या बाजूचं गवत दाखवलं. "आता तिकडं जायला कारनच न्हाई कुनाला."

तो खाली बसला. गवतावरून हात फिरवला. मग जरा हळू म्हणाला, "मीपण इथूनच मारतो हल्ली."

"ते दिसतंय मला. ही मोठाली खपली तुमचीच हाय."

तेवढ्यात डॉक्टरबाई ग्रीनवरून चालत आल्या.

"आबा, चार फटक्यांत संपवलं!"

"चांगलं झालं की, बाई."

"कसलं चांगलं? मागच्या रविवारी चार, त्याच्या मागच्या रविवारीही चार. घरी जाऊन सांगायला काही उरलंच नाही."

"तक्रार तुमीच दिलती."

"दिली होती. पण ती ऐकायची कशाला?"

"मी न्हाई ऐकली. ह्यांनी ऐकली."

मॅनेजर हसला आणि म्हणाला, ठीक आहे, उघडू परत. पण बाई म्हणाल्या, मागच्या अंगाला वर यायला सोपी वाट करा, माझे गुडघे गेलेत. मी ताडकन सांगितलं, जमणार नाही, साहेबांनी आखला तसाच होईल.

खणायला घेतलं तेव्हा मात्र मागच्या काठाला येऊन माझं फावडं थांबलं. ही उंची साहेबांची नव्हती. दुसऱ्यांदा खणताना, लोक हसल्याच्या रागात, मी तो काठ आखणीपेक्षा हातभर चढवला होता. भात लावा म्हणाले ना, आता पडा यात, असं मनात होतं. साहेबांना ते दिसलं असणार, पण बोलले नाहीत. इतकी वर्षं मीही कुणाला बोललो नाही. बरोबर काम करणाऱ्या परंदवडीच्या गड्यांना म्हणालो, "मागनं हातभर उतरवा." का, ते सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी डॉक्टरबाई बराच वेळ ओढ्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि शेवटी उजवीकडंच मारलं. दुसरा फटका सरळ वाळूत. आत तीन वेळा मारलं, बॉल बाहेर काढला, आणि मागच्या उतारानं कुणाचा हात न धरता वर आल्या.

"आबा, सात!" त्यांनी झेंड्याजवळून हाक दिली.

मी दाताळं घेऊन त्यांच्या पावलांची वाळू सारखी करायला खाली उतरलो.