अस्सल चेहरा

“आजी, चष्मा काढा,” चित्रकार म्हणाला आणि त्याने माझ्या हातात पितळी तबक दिलं. “आता मॅडमच्या मागे उभ्या राहा. नजर खाली.”

मॅडम म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची नेहा. मखमली खुर्चीत बसलेली, गळ्यात मोत्यांचे सर. तिच्या मुलाला इंग्रजी मी शिकवलं.

पोरांनो, मला वाटलं होतं, माझं चित्र काढणार आहेत. नेहाच म्हणाली होती, “काकू, तुमचंपण पोर्ट्रेट करून घेऊ. जुन्या राजघराण्यांची असायची ना, तसं ऑइलमध्ये.” तुम्हाला तिकडे परदेशात पाठवता येईल म्हणून रेशमी साडी नेसून वर नेहाकडे गेले. गेल्या गेल्या चित्रकाराने मोबाइलवर माझे फोटो काढले. समोरून, बाजूने. “अस्सल चेहरा,” म्हणाला. मी खूश. मग त्याने एक जाडंभरडं लुगडं पुढे केलं. तिथे मनात पाल चुकचुकली. तरी नेसले. भिडेखातर.

आता तबक हातात घेऊन मी विचारलं, “अस्सल म्हणजे काय?”

“म्हणजे इथला. खाडीकाठचा. इंग्रजांच्या काळातल्या चित्रांत मालकिणीच्या मागे अशी एक बाई असतेच.”

“कोण बाई?”

तो नेहाकडे बघू लागला. नेहा हसली. “काकू, टेन्शन नका घेऊ. चित्रच तर आहे.”

ही बिल्डिंग उभी आहे तिथे माझ्या वडिलांची भातशेती होती. नेहाला ठाऊक आहे. मोलकरणीच्या कामात हलकं काही नाही. पण मोलकरीण कोण, हे चेहरा बघून ठरवायचं?

मी तबक जमिनीवर ठेवलं. “मग तू उभी राहा मागे. मी बसते.”

नेहाचं हसणं थांबलं. “काकू, पर्सनली घेऊ नका ना.”

“माझे फोटो काढून टाक,” मी चित्रकाराला म्हणाले. “माझ्यासमोर.” त्याने डिलीट केले. डिलीट केलेले फोटो कुठे पडून राहतात, ते तुम्हीच मला शिकवलंत. तिथूनही पुसायला लावले.

“फार संशयी आहात, आजी.”

हो, आहे. त्याचा लॅपटॉप शेजारीच उघडा होता. फोनमधलं सगळं त्यात जात असणार, हे घरी आल्यावर सुचलं.

चित्र पूर्ण झालंय म्हणे. शनिवारी नेहाने अख्ख्या सोसायटीला बघायला बोलावलंय. मला नाही. मी जाणार आहे. नेहाच्या भिंतीवर माझा चेहरा असला, तर चित्र उतरवल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.