कुंडलिकाचा बांध आणि कामथडीचं पायचेंडू मंडळ

कामथडीत पायचेंडूचं मंडळ बावीस वर्षं चाललं आणि त्या बावीस वर्षांत कुंडलिकानं चेंडूला एकदाही पाय लावला नाही. तरी मंडळ कुणाच्या जिवावर चाललं असं विचाराल, तर कुंडलिकाच्या कमरेच्या. ती कमर पुढं कायमची वाकली, पण ते पुढचं.

खेळ आणला त्याच्या धाकट्या भावानं, सावळारामानं. पहिल्या लढाईत तो बसऱ्याकडं होता. तिथं गोऱ्यांची एक पलटण होती, कुठल्याशा डोंगरमुलखातली. माणसं आपल्यासारखीच बुटकी आणि भांडखोर, असं तो सांगे. ती संध्याकाळ झाली की चेंडू लाथाडत सुटायची. सावळाराम बघून बघून शिकला आणि एकोणीसशे वीस साली सुटून आला तेव्हा ट्रंकेत एक कातडी चेंडू घेऊन आला. गावानं ट्रंक उघडताना माना लांब केल्या होत्या. आतून चेंडू निघाला म्हटल्यावर म्हातारी माणसं तपकीर ओढत घरी गेली आणि पोरं मात्र तिथंच थांबली.

चेंडू आला, पण खेळायचं कुठं? गावात सपाट म्हणून जी जागा होती ती कुणाची ना कुणाची शेती होती. राहता राहिली या दोघा भावांची ओढ्याकाठची दोन भातखाचरं. एका पातळीत, शेजारी शेजारी, मध्ये वाटणीचा गुडघाभर उंच बांध.

"दादा, भात निघालं की येवडा बांद काडू या," सावळाराम म्हणाला. "पावसाच्या आत म्या परत घालतो."

कुंडलिकानं मान डोलावली. भाऊ लढाईवरून जिवंत परत आला होता. त्यानं त्या दिवशी घराचं आढं काढू या म्हटलं असतं तरी कुंडलिकानं शिडी लावली असती.

बांध निघाला. आणि उत्साहाच्या भरात पोरांनी आणखी एक गोष्ट केली. बांधाच्या दोन टोकांना हद्दीचे दोन धोंडे पुरलेले होते, बापानं वाटणीच्या वेळी पंचांसमक्ष पुरलेले. ते उपटून पोरांनी ओढ्याच्या बाजूला उभे केले, समोरच्या कडेला दोन बांबू रोवले आणि त्यांच्यामधून चेंडू गेला की गोल, असं ठरलं. आमच्याकडं माणूस बायकोच्या अंगावरचा डाग गहाण टाकील, पण हद्दीचा धोंडा हलवणार नाही. इथं मात्र कुणाला काही वाटलं नाही. धोंडे भावाभावांचे होते आणि भाऊ तेव्हा एका ताटात जेवत होते.

पावसाआधी बांध घालायची वेळ आली. सावळाराम दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी त्याला नसरापुरात काम निघालं, आणि मग दरसालच निघू लागलं. कार्तिकात बांध मोडायला सगळं मंडळ यायचं, हसत-खिदळत एका सकाळीत भुईसपाट करून जायचं. वैशाखाच्या उन्हात तो परत घालायला कुंडलिक एकटा. ढेकळं फोडायची, माती ओढायची, पाणी मारून चोपायची. ऐंशी पावलं बांध, पंधरा-वीस दिवस.

"मोडाया धा आन बांदाया येक," त्याची बायको ठकुबाई भाकरी घेऊन आली की म्हणायची. "आवं, तुमी खुळं हाय का?"

"आसंल," कुंडलिक म्हणायचा आणि भाकरी खायचा.

त्याला खेळ कळायचा नाही. कोण जिंकलं हेही पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळे. पण संध्याकाळी खाचराच्या कडेला बसलं की सावळाराम चेंडू घेऊन धावताना दिसे, आणि गाव ओरडे, "सावळ्या, हाण!" तेवढं त्याला पुरे होतं. मंडळात अकरा माणसं कधी जमली नाहीत. नऊच असायची, म्हणून समोरच्यांनीही नऊच आणायची, असा आमचा नियम. भोरची माणसं आली, नसरापूरची आली. नसरापूरचे तर दरसाल पौष पौर्णिमेला न सांगता यायचे, जत्रेला आल्यासारखे. सगळीकडं नाव झालं, सावळारामाचं मंडळ म्हणून.

एक अडचण फक्त कुंडलिकाला ठाऊक होती. धोंडे उपटलेले, तेव्हा बांध नेमका कुठं घालायचा? पहिल्या वर्षी खूण दिसत होती. नंतर नांगर फिरला, पाणी भरलं, खूण गेली. मग तो विहिरीपासून पावलं मोजायचा. पण पावलं काय, तरण्याची वेगळी आणि दमलेल्याची वेगळी. शंका आली की तो बांध चार बोटं आपल्याच खाचरात ओढून घ्यायचा. भावाचं आपल्याकडं यायला नको, एवढाच त्याचा हिशेब. हे त्यानं ठकुबाईलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाकरी आली नसती.

सावळारामाचा गुडघा चाळिशीत गेला. तरी तो उतरायचा, चेंडू मागं राहायचा आणि हा पुढं पडायचा. एके दिवशी पोरं म्हणाली, "तात्या, तुमी आता बसा." पोरं चुकीचं बोलली नव्हती. पण ज्यानं चेंडू आणला त्याला कडेला बसवलं, तो राग जायचा कुठं? रिकामा बसलेला माणूस चेंडू बघत नाही, तो बांध बघतो. बेचाळीस सालच्या लावणीला सावळारामानं ओळी मोजल्या आणि म्हणाला, "माज्या खाचरात येक वळ कमी बसली. दादा दरसाल येकटाच बांद घालतोय, ते काय उगंच?"

गावभर झालं. पावसाळा सरता सरता देवळात पंच बसले. सावळारामानं साफ सांगितलं, "दादानं कबूल करावं आन दीड हात सोडावा. मग मंडळानं खुशाल बांद काडावा, माजी ना न्हाई. न्हाईतर मोजणी आणतो. मदोमद सरकारी दगुड बसला की कुणाच्या बापाला हलवाया यायचा न्हाई."

पंचांनी चार दिवसांची मुदत दिली. दुसऱ्याच संध्याकाळी मंडळाची नऊच्या नऊ पोरं कुंडलिकाच्या अंगणात आली. त्याला वाटलं, आपल्या बाजूनं बोलायला आली. त्यानं घोंगडं अंथरलं.

"दादा, कबूल करून टाका की," त्यांतला नाथा म्हणाला. तो नवा कप्तान. "दीड हातानं तुमाला काय व्हतंय? मंडळ तरी वाचंल."

कुंडलिकाला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला नुसता शीण आला. बावीस वर्षं उन्हात राबून आपण या पोरांना काय दिलं आणि ती आपल्याकडं काय मागतायत, हे त्याला एकदम दिसलं. जमीन मागितली असती तर त्यानं दिलीही असती. ती त्याला चोर व्हायला सांगत होती, आणि तेही असं, जसं कुणी तांब्याभर पाणी मागावं.

"मोजणी व्हऊ द्या," तो म्हणाला.

मोजणीदार आला, साखळी पडली, सगळं गाव कडेला उभं. दुपारपर्यंत निकाल लागला. बांध सरकला होता खरा, पण कुंडलिकाच्या खाचरात. सावळारामच भावाची पावणेदोन हात जमीन कसत होता. ओळ कमी बसली ती मोजणाऱ्याच्या मनातच.

कुणी हसलं नाही. ठकुबाई तेवढी मोठ्यानं म्हणाली, "आता बोला!"

सावळाराम लंगडत पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता. "दादा, दगुड नका घालू देऊ," तो म्हणाला. "माजा अर्ज म्या मागं घेतो. जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या."

मोजणीदार कुंडलिकाकडं बघत थांबला. ऊन चढलं होतं, त्यालाही जेवायला जायचं होतं. नऊ पोरं कडेला उभी. एक शब्द, की कार्तिकात पुन्हा बांध निघाला असता, वैशाखात पुन्हा तो एकट्यानं घातला असता, आणि कधीतरी पुन्हा कुणी ओळी मोजल्या असत्या. कुंडलिकाची कमर त्या क्षणी इतकी दुखत होती की त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"घाला दगुड," तो म्हणाला.

हद्दीवर रांगेनं सरकारी दगड बसले आणि खेळायची जागा कायमची दुभागली. त्या रात्री कुंडलिकाला गाढ झोप लागली आणि सकाळी उठल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

पौष पौर्णिमेला नसरापूरचे नऊ जण नेहमीसारखे न सांगता आले. बघतात तर मध्ये नवाकोरा बांध आणि दोन्हीकडं हरभरा. चालून आलेली माणसं, तशीच देवळाच्या पायरीवर टेकली. कुंडलिकानं घरून गूळ-पाणी आणवलं. हळूहळू गाव जमलं, सावळारामही खांबाला टेकून बसला.

"मंडळ मोडलं कुणी?" नसरापूरचा कप्तान मानसिंग यानं विचारलं.

सगळ्यांच्या नजरा सावळारामाकडं वळल्या. त्यानं मान खाली घातली. कुणी तोंड उघडणार, तेवढ्यात कुंडलिक बोलला.

"म्या मोडलं."

हे खोटं नव्हतं. पण गावाला ते खोटं वाटलं, आणि सावळारामाला सगळ्यांत जास्त. मानसिंगानं पुढं विचारलं नाही. पाणी पिऊन नऊ जण आल्या वाटेनं परत गेले आणि गावही पांगलं. दोघे भाऊच राहिले.

"दादा, माजं नाव घ्यायचं व्हतं," सावळाराम म्हणाला. "म्या काय न्हाई म्हनलो असतो?"

कुंडलिकानं पायरीवरचा तांब्या उचलला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बावीस वर्सं तुजंच नाव व्हतं मंडळाला, सावळा," तो म्हणाला. "मोडताना तरी माजं आसू दे."