चुकीच्या उत्तरांची वही

शिकवणीच्या बाईंकडे गेलेलं पोर नापास होत नाही, अशी ख्याती होती. बाईंची पद्धत सोपी: बरोबर उत्तर पन्नास वेळा म्हणून घ्यायचं. चुकीचं उत्तर आलं की त्या माशी हाकलावी तसं ते हाकलायच्या. ते कुठून आलं, कशाला आलं, याची चौकशी त्यांनी वीस वर्षांत एकदाही केली नव्हती. वेळ कुणाला होता?

त्यांचे यजमान छापखान्यात मशीनमन. माल उतरवायच्या ओट्यावरून त्यांचा पाय घसरला आणि डोकं फरशीवर आपटलं. आठ दिवस ग्लानीत गेले. नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज वार कोणता? आपण कुठे आहोत?" तेव्हा बाईंच्या जिवात जीव आला. म्हणजे परीक्षाच आहे की.

"गुरुवार," मशीनमन म्हणाले. "छापखान्यात."

वार सोमवार होता, आणि भोवती बारा खाटांचा वॉर्ड होता.

"मेंदूला मार बसला की असा गोंधळ होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही दिवस चालेल, काही आठवडेही. वाद घालू नका. शांतपणे, जमेल तसं सांगत राहा."

बाईंनी यातलं फक्त 'सांगत राहा' तेवढं उचललं.

मंगळवारी सकाळपासून घोकंपट्टी सुरू झाली. आज मंगळवार, हे हॉस्पिटल, मी पडलो. पुन्हा म्हणा. मशीनमन म्हणत होते. आयुष्यभर त्यांनी बायकोशी वाद घातला नव्हता, तो आता कुठून घालणार? बुधवारी वार तेवढा बदलला. राउंडच्या वेळी तिन्ही उत्तरं खडाखड आली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचीही तोवर पाठ झाली होती. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. खाटेशी बसवलेली आया त्यांनी दुसरीकडे पाठवली.

दुपारी बाई पाण्याची बाटली भरायला गेल्या आणि तेवढ्यात मशीनमन सलाइनची सुई उपटून खाली उतरले. दोन पावलं चालले आणि गुडघ्यांवर बसले. डोकं थोडक्यात वाचलं.

वॉर्डच्या सिस्टर पांढऱ्या कापडी पट्ट्या घेऊन आल्या. "आज तिसऱ्यांदा उठलेत हे. पुन्हा उठले तर हात बांधावे लागतील. मला हौस नाही हो बाई. पण दुसऱ्यांदा डोकं आपटलं तर मग मी काय करू?"

बाई त्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. मग मान खाली घालून डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी गेल्या.

"सकाळची उत्तरं मी करून घेतली होती."

"कॉपी?"

"पाठांतर," बाई म्हणाल्या. तशाही अवस्थेत त्यांना फरक महत्त्वाचा वाटला.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवरून हात फिरवला. "मला त्यांची चुकीची उत्तरं हवी आहेत, बाई. डोकं कुठवर आलंय हे मला त्यावरूनच कळतं. आया परत बसवते. आजची संध्याकाळ बघू. नाहीच राहिले, तर बांधू."

चुकीची उत्तरं हवी आहेत. बाईंना हे वाक्य पचायला अर्धा तास लागला. मग त्यांनी पिशवीतून कोरी वही काढली, स्टूल खाटेला चिकटवलं आणि जन्मात पहिल्यांदा एखाद्या विद्यार्थ्याला न टोकता ऐकायला बसल्या.

"अहो, कुठे निघाला होतात मगाशी?"

"कागद चिकटला ना," मशीनमन म्हणाले. "आणि तुम्ही बाही आवरा आधी. रोलरजवळ सैल बाही नको, किती वेळा सांगायचं?"

बाईंनी मुकाट्याने बाही वर केली आणि लिहून घेतलं. गंमत म्हणजे त्यांना आता खरोखरच उत्सुकता लागली होती. माणूस एरवी गप्प पडून असतो, मग मध्येच का उठतो? तासाभरात छडा लागला. आजोबांच्या सलाइनचं यंत्र पिंपिं करायला लागलं, की मशीनमन ताडकन उठायला बघत आणि उजव्या हाताने खाटेच्या कठड्याखाली काहीतरी चाचपडत. दोनदा तसंच झालं. दोन्ही वेळा आया आणि बाई त्यांना धरून बसल्या. सिस्टरांनी लांबून बघितलं आणि पट्ट्या उशाशी आणून ठेवल्या.

पाच वाजता धाकटे दीर आले. तरुणपणी सहा महिने त्याच छापखान्यात काढून ते पळाले होते आणि हल्ली कुरिअर वाटत होते. बाईंनी त्यांच्यापुढे वही धरली.

"एवढं सोपं आहे वहिनी," दीर वाचून म्हणाले. "दोन कागद एकदम आत गेले की मशीन असंच ओरडतं. बंद करायचं बटण उजवीकडे, खाली. दादा मशीन बंद करायला उठतोय."

"मग त्यांनी घरी कधी यायचंच नाही?"

"पाळी संपल्यावर. पण चालू मशीन सोडून जायचं नाही. पुढचा माणूस येतो, मशीनवर हात ठेवतो, 'घेतलं' म्हणतो. मग आधीच्याने हात काढायचा. एकदा माझा बदलीचा माणूस तीन तास आला नाही, तर मी तीन तास उभा. तिथेच ठरवलं, ही नोकरी आपली नाही."

बाई त्यांच्याकडे टक लावून बघायला लागल्या.

"माझ्याकडे असं बघू नका, वहिनी."

"हात धुऊन या," बाई म्हणाल्या.

सहाच्या सुमारास आजोबांचं यंत्र पुन्हा वाजलं. मशीनमन उठू लागले. आया पुढे झाली, पण बाईंनी तिला खुणेने थांबवलं. सिस्टरही येऊन उभ्या राहिल्या, पट्ट्या हातात घेऊनच. दिरांनी खाटेच्या कठड्यावर पंजा ठेवला.

"घेतलं, दादा."

मशीनमनांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तू? तुला कागदाचा फीडर तरी लावता येतो का?"

"शिकलोय आता."

"शाई कमी पडतेय डावीकडे. बघ जरा."

"बघतो."

मशीनमनांनी कठड्यावरून एकेक बोट उचललं, आणि आडवे झाले. दहा मिनिटांत घोरू लागले.  सिस्टरांनी जाऊन पट्ट्या कपाटात टाकल्या आणि आजोबांचं यंत्र खाटेच्या पलीकडच्या बाजूला सरकवलं. दीर मात्र अर्धा तास तसेच उभे होते. हात काढायचा की नाही, त्यांना कळेना.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

मशीनमनांनी बराच विचार केला. "छापखान्यात," ते म्हणाले. "पण माझी पाळी संपलीय."

बाईंनी ते शब्दशः टिपलं. मग त्यांना राहवेना.

"मग इथे पडून काय करताय?"

"तेच मी मघापासून बघतोय," मशीनमन म्हणाले आणि प्रथमच सावकाश मान वळवून खाटा मोजू लागले.