बसून कसं गायचं?

आज सकाळी हवाई कवायत पाहायला आमची नल्लकुंट्यातली सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली होती. विमानं रंगीत धूर सोडून गेली, मग लाउडस्पीकरवर भाषण झालं. धुरापेक्षा भाषण जास्त वेळ टिकलं. तेवढ्यात खालच्या कुणाच्या तरी कढईतून हळदीचा वास आला आणि मला काकू आठवली.

युद्धाचे दिवस होते. मी शहराबाहेर काकूच्या मळ्यात राहायला गेले होते. एक सरावाचं विमान खोकत आलं आणि ज्वारीपलीकडे कोसळलं. हवाई छत्रीनं उतरलेला वैमानिक बांधावर पडला होता, पाय मोडलेला, कोवळी मिशी रक्तानं भिजलेली. त्याला तेलुगू येईना की मराठी, म्हणून गाव काठ्या घेऊन धावलं.

"दुश्मन है साला!" गावचे पटेल गरजले. "हमारा है तो जनगणमन सुना!"

काकू हळदीची वाटी घेऊन मधे उभी राहिली. "आधी जखम, पटेल. गाणं मग."

पण तो पोरगाच बांधाला धरून उठू लागला. "पहले खडा करो मुझे," तो कण्हत म्हणाला, "बैठके थोडी गाते हैं."

"ऐकलंत?" काकू म्हणाली. "दुश्मन असता तर बसूनच गायला असता. काठ्या टाका, बाज आणा."

पटेलांनीच बाजेचा पुढचा पाय धरला.

तेव्हा मला तो पोरगा शूर वाटला होता. अजूनही वाटतो. पण त्या काठ्यांपुढे काकूच्या हातातली वाटी जराही हलली नव्हती, हे मला आता दिसतं.