शेवटच्या ग्लासाची घंटा

इंग्लंडात मी पोट भरतो कारकुनीवर, पण खरी हौस तिथल्या जुन्या पबांची. सुट्टीच्या दिवशी एखादं गाव गाठायचं, ठेंगण्या छताखाली शेगडीजवळ बसायचं, आणि बियर कशी, जेवण कसं, मालक बरा की माणूसघाणा, हे सगळं व्हिडिओत सांगायचं. आमच्या गावी, मावल्याच्या घरी, यातलं काही कळू नये याची मी पुरेपूर काळजी घेतली होती. आई रोज सकाळी पंचशील म्हणते, आणि दारूचं शील आलं की तिचा आवाज जरा चढतोच.

यंदा सुट्टीवर आलो आणि वहिनीने घात केला. "पाहा ना, भाऊजी टीव्हीवर!" म्हणत तिने भरदुपारी माझा व्हिडिओ लावला. पडद्यावर मी, हातात फेसाळलेला ग्लास. आता आई माझ्याशी बोलणं टाकणार, एवढंच डोक्यात.

आई तुरीच्या शेंगा सोलत बघत राहिली. पबात एक म्हातारी कुत्रं घेऊन एकटीच पीत बसली होती, तिलाही आईने नीट पाहून घेतलं. मग मालकाने गल्ल्यावरची पितळी घंटा वाजवली.

"घंटी काऊन वाजवली?"

"शेवटचा ग्लास घ्या म्हणून. मग तो कोणालाच देत नाही, घरी पाठवतो."

"मांगितली तरी?"

"मागितली तरी."

तिचा हात थांबला. "इकणाराच बंद करते? तुह्या बापासाठी तं कोनी नाई वाजवली."

वडील काविळीने गेले, हेच आम्ही जन्मभर ऐकलं होतं.

"कावीळच होती," आई म्हणाली. "पिऊन पिऊन झालती. तुले कडेवर घेऊन मी दुकानात गेलती. म्हटलं, याले देऊ नको, पाया पडू का तुह्या? थो म्हने, गिऱ्हाइकाले नाई म्हनता येत नाई."

मी ताडकन उठलो. "कोण होता तो हरामखोर?"

"तुहा मामा."

बाजारहत्नूरचे मामा! किराणा दुकानावर आम्हा दोघा भावांना वाढवणारे, मला शिकवणारे, सुपारीचंही व्यसन नसलेले मामा.

"तुह्या बापाले माती देऊन आला अन् दारूचं दुकान मोडलं. मंग किराणा टाकला." आईने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. "आता येईनच थो जेवाले. घंटीचं सांगू नको त्याले. म्हातारा झाला, सहन नाई व्हाचं."

तेवढ्यात फाटक वाजलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेलो. त्यांच्या पाया पडायचं की नाही, मला कळेना. मी वाकायच्या आत मामांनीच मला पोटाशी धरलं.