सगळ्यांच्या यादीतला लेख

नव्वदच्या सुमारास जालन्यात एम.फिल. करणारे आम्ही तिघं: मी मंठ्याची, टेंभुर्णीचा भगवान अन् जालन्याचीच सुनंदा. आजही भेटलो की चहा गार होतो, किस्से सरत न्हाईत. संशोधन विसरलं, संदर्भांसाठी केलेली वणवण तेवढी लक्षात राह्यली.

भगवानचं इंग्रजी बेताचं. लेखाची एकच झेरॉक्स तिघांत फिरायची. यानं डिक्शनरी घेऊन शब्दाशब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून ठेवले! मी लई चिडले. मंग आमचे गाइड सरच हळूच म्हणाले, "भगवानची कॉपी जरा मिळंल का?"

याच सरांनी एकदा आमच्या संदर्भसूच्या शेजारी शेजारी ठेवल्या. जालन्याच्या जुन्या कापूस बाजारावरचा एक लेख तिन्हींत होता. वाचला कुणीच नव्हता, एकमेकांचं बघून उतरवलेला. "लग्नपत्रिकेत पुढाऱ्यांची नावं टाकतात, तसं का?" सर म्हणाले.

आम्ही दोघांनी तो मुकाट्यानं खोडला. सुनंदाचा मात्र विषयच कापूस बाजार. लेख वाचल्याबिगर प्रबंध घेणार न्हाई, असं सरांनी बजावलं. अन् वडलांनी तिला आधीच सांगून ठेवलेलं, उन्हाळ्यापर्यंत काय ते उरक, मंग लग्न.

आम्ही दोघी बसनं बाहेरगावच्या मोठ्या ग्रंथालयात गेल्तो. जाडजूड खंड निघाला, अनुक्रमणिकेत लेखाचं नाव बराबर होतं. आत बघितलं तर अख्खा लेख कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेला! परतताना सुनंदा म्हणाली, "नेणाऱ्यानं वाचला तरी असंल का गं?"

पुढं तिला बघायला गावातल्याच नवीन जालना भागातलं स्थळ आलं, तवा मीही तिच्या घरी होते. मुलगा इतिहासाचा प्राध्यापक. अभ्यासाचं विचारल्यावर सुनंदानं त्या लेखाचं सांगितलं. त्याचा चेहराच खुलला. "ओरिजिनल आहे माझ्याकडं!" म्हणत स्कूटर काढली अन् पोहे संपायच्या आत पानं घेऊन हजर. तिचे वडील एकदम खूश.

पानांवर ग्रंथालयाचा शिक्का, एक कड ब्लेडनं सरळ कापलेली. मला वाटलं, आता ही भडकते. पण ती वाचायलाच लागली. पाहुण्यांसमोर, पहिल्या ओळीपासून पार तळटिपांपर्यंत. सगळे ताटकळले. मुलाच्या मामानं खाकरूनही बघितलं.

वाचून झाल्यावर तिनं पानं नीट जुळवून त्याच्या हातात दिली.

"लेख चांगलाय. आधी जिथला तिथं चिकटवून या, मंग माझं विचारा."

वडलांचा चेहरा उतरला. मुलगा उठला, चपला घातल्या, दारात जरा थांबला अन् सुनंदाच्या वडलांनाच विचारलं, "घरात डिंक आहे का?"